येते म्हणून गेलेली

आई, तू मला एकदाच मारलंस, तेही एका शब्दासाठी. बाबा मुरगावच्या धक्क्यावर कामाला निघाले होते आणि मी ओरडले, "बाबा जातायत!" खोबरं वाटता वाटता उठलीस आणि ओल्या हाताने गालावर दिलीस. "जाता म्हणतात काय गो मेल्ये? येतो म्हणावं." बाबा संध्याकाळी आले. तो शब्द मात्र कायमचा माझ्यात रुतून बसला.

डिचोलीच्या मनोरुग्णांच्या केंद्रात मी अजून नर्स आहे. यंदा तिथे चाचणीसाठी एक रोबो आणला होता. गुडघ्याएवढा, पांढरा, मुलीच्या आवाजाचा. प्रत्येकाला नावाने हाक मारायचा, झोप लागली का, गोळी घेतली का, विचारायचा. लाटंबार्सेची एक म्हातारी आहे, लेक गेल्यापासून मुकी झालेली. ती त्याच्याशी बोलू लागली, लेकीला म्हणावं तसं त्याला "बाय" म्हणू लागली, आपला उंडो, तो गोल पाव, मोडून अर्धा त्याच्यापुढे ठेवून उरलेला खाऊ लागली. पण पहिल्याच दिवशी रोबो छापील मराठीत म्हणाला, "आता मी जाते," आणि म्हातारीने असा टाहो फोडला की माझा गाल चरचरला. मी तंत्रज्ञाच्या मागे लागून शब्द बदलून घेतला. "येते हां." सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मीही फुगले, कशाला खोटं बोलू?

गेल्या सोमवारी चाचणी संपली. खोक्यात घालण्याआधी बटण दाबलं, तेव्हा शिकवल्याप्रमाणे तो बोलला, "येते हां." म्हातारी म्हणाली, "बेगीन ये गो बाय." तेव्हापासून ती दाराशी बसून आहे. पाव समोर, घास नाही. "बाय येतली, मगे खातंय." मी हात धरून सांगितलं, मावशी, ते यंत्र होतं, आता येणार नाही. ती हसली. "तूच शिकवलंस मा तिका? फटी शिकवशीत?" मी खोटं शिकवेन, हे तिला पटेचना. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या नाकातून नळी घालून भरवावं लागेल.

तूही ॲम्ब्युलन्समध्ये चढताना "येतंय गो" म्हणाली होतीस. मी किती वर्षं मागच्या दाराला कडी लावली नाही, ते तुला काय ठाऊक! राग येतो तुझा, अजून येतो.

आज सकाळी मी दाराच्या पडद्याआड उभी राहिले आणि आवाज बारीक करून म्हटलं, "मावशे, मी आले, जेवलीस?" यंत्राचा आवाज काढायला गेले, निघाला तुझा. तिने पाव मोडला, अर्धा पडद्याकडे सरकवला, अर्धा खाल्ला. सगळा खाल्ला गो. मग विचारलं, "फाल्या येतलीस मगे?" आणि मी तुझीच लेक, उद्याचाही शब्द देऊन म्हणाले, "येते हां."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे इथेच, ड्युटीच्या वहीत. महिनाअखेरीला मी निवृत्त होते आहे, आणि ते मी तिला सांगितलेलं नाही.