भाडेकरू गृहस्थ विश्रांती घेत आहेत

चि. ओलिंदो यास,

तुझ्या एर्सिलियाताईचा आशीर्वाद. तू मागितला नाहीस, पण मोठ्या बहिणीने तो द्यायचा असतो, म्हणून देते. मी ठणठणीत आहे. नोरिनाची कंबर दुखते, पण ती कबूल करत नाही. तिचा नवरा दारियो बरा आहे, कारण त्याला कोणी विचारत नाही. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. तू स्वतः औषधवाला होतास, तेव्हा उपाय माहीत असणारच; तो करतोस का, एवढंच विचारते आहे.

वर्षभराचा सॉस करायच्या टोमॅटोच्या दिवसाला तू चार वर्षं आला नाहीस, त्याचं कारण मी उकरून काढणार नाही. (कारण मला चांगलं आठवतं. नोरिनाने सॉसच्या प्रत्येक बाटलीत बेसिलचं एक पान घातलं होतं. पानाने सॉस नासतो, असं तुझं मत. मत असायला हरकत नव्हती. पण तू दुपारी तळघरात जाऊन चाळीस बाटल्यांची बुचं काढलीस आणि दुकानातल्या चिमट्याने एकेक पान बाहेर काढलंस, आणि ते नोरिनाने पाहिलं. ती म्हणाली, "आईनं ठेवलेली रीत तू चिमट्यानं उपटतोस?" तू म्हणालास, "आईला जंतुशास्त्र येत नव्हतं." तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही, आणि मधे मी पोस्टमनचं काम करते. मी एकाहत्तर वर्षांची आहे.)

तर यंदाची हकीकत. पालिकेने सांडपाण्याच्या नळासाठी नोरिनाचं अंगण खणून ठेवलं आहे. दोनशे किलो टोमॅटो मार्चमध्येच सांगून ठेवलेले, आणि टोमॅटो पालिकेचं ऐकत नाहीत. तेव्हा मी समोरच्या टेकडीवरचा नवा व्हिला आठवडाभरासाठी भाड्याने घेतला. वाझ्झोलींची डुकरं असायची ना, तीच जागा. मिलानच्या कोणा वास्तुरचनाकाराने तिथे काचेची पेटी उभी केली आहे आणि तिचं नाव 'शांतता' ठेवलं आहे. डुकरं असतानाही तिथे आतासारखी पाहुण्यांची वर्दळ नव्हती. नोरिनाला मी सांगितलं की आपण विश्रांतीला चाललो आहोत. तिने सामानात रस काढायचं यंत्र, दोन पिंपं आणि आईची कढई घातली, आणि म्हणाली, "ताई, विश्रांतीला लागेल तेवढंच घेतलंय."

व्हिलात सगळं पांढरं आहे. दारांना मुठी नाहीत, कपाटांना कड्या नाहीत, आणि कचऱ्याचा डबा शोधायला आम्हाला अर्धा दिवस लागला (तो भिंत होता). व्यवस्था पाहायला जिनेव्रा नावाची मुलगी येते. सभ्य आहे, पण हातात कायम यादी. आली की पहिला प्रश्न तोच, "ते गृहस्थ कुठे आहेत?" त्याबद्दल पुढे.

सोमवारी टोमॅटो आले. बैठकीच्या खोलीत जुन्या चादरी अंथरून आम्ही ते पसरले. नोरिनाने जाता जाता दिवा समजून भिंतीवरचं एक बटण दाबलं. त्या घरात जमीन तापवायची सोय आहे. ऑगस्ट महिन्यात. मंगळवारी सकाळपर्यंत दोनशे किलो टोमॅटो असे पिकले की आणखी एक दिवसही थांबले नसते. म्हणजे सॉस त्याच दिवशी व्हायला हवा होता, नाहीतर वर्षभर तिन्ही घरांनी (तुझंही मी धरते) दुकानातला डबा उघडून खायचा.

स्वयंपाकघरातली शेगडी इंडक्शनची. आईची कढई ठेवली, तर भिंतीतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "भांडं ओळखता येत नाही." नोरिना म्हणाली, "तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून आहे ते. ओळख करून घे." बाईंनी करून घेतली नाही. मग दारियोने बाहेर हिरवळीच्या कडेला खडीवर विटा मांडल्या आणि लाकडं पेटवली. ऑगस्टमध्ये उघड्यावर जाळ करायला बंदी आहे, हे मला माहीत आहे. ते मी तेव्हाही बोलून दाखवलं आणि लाकडं पुढे केली.

दुपारपर्यंत रस शिजला, यंत्रातून निघाला, बाटल्या भरल्या, बुचं बसली. एकशेचाळीस बाटल्या, मधे गोणपाटं घालून, दोन पिंपांत उकळायला ठेवल्या. चाळीस मिनिटं उकळल्या नाहीत तर बाटल्या थंडीत तळघरात एकेक करून फुटतात, हे तुला सांगायला नको. वीस मिनिटं झाली आणि पाच वाजले. पाच वाजता त्या घराची हिरवळ आपोआप भिजते. गवतातून बावीस नळ्या वर आल्या आणि त्यांनी आमचा जाळ विझवला. धूर झाला. धूर झाल्याबरोबर घराने आपणहून अग्निशमन दलाला फोन केला. घर चुगली करतं, हा माझ्यासाठी नवा अनुभव होता.

गाडी आली. वर कोण, तर दलाचा प्रमुख सेत्तिमिओ, जो मी शिकवत असताना माझ्या वर्गात अपूर्णांकांत दोनदा नापास झाला होता. तो उतरला, पिंपांकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"बाई, जाळ करायला बंदी आहे, तुम्हाला माहीत असेलच."

"मला आहे. टोमॅटोंना नाही."

"किती वेळ उकळल्या?"

"चाळीसांतली वीस मिनिटं. म्हणजे किती राहिलं?"

"निम्मं."

"अपूर्णांकात सांग."

"एक द्वितीयांश, बाई."

"बस."

त्याने पिंपाभोवती एक फेरी मारली. मग त्याच्या माणसांना म्हणाला, "आपण आग विझवायला आलोय. विझवायला ती आधी नीट पेटलेली हवी. दारियोमामा, कोरडी लाकडं आहेत का?" उरलेला वेळ दोन्ही पिंपं सरकारी देखरेखीखाली उकळली. एकजण नळी धरून उभा, बाकीचे ब्रेड घेऊन कढईचा तळ पुसत होते. त्यांच्यातल्या एका नवख्याने विचारलं, "मावशी, पान बाटलीत घालता की नाही?" सेत्तिमिओ त्याला हळूच म्हणाला, "तोंड मिट. याच प्रश्नावरून या घरातला एक माणूस चार वर्षं गायब आहे."

नोरिनाने ते ऐकलं. तिने लाकडं सरळ केली, जी सरळच होती.

तेवढ्यात जिनेव्रा आली. तिने धूर पाहिला, खडी पाहिली, पांढऱ्या सोफ्यावर बसून सॉस खाणारा दलाचा माणूस पाहिला, आणि यादी खाली केली. दुसरं कोणी असतं तर ओरडलं असतं. ती फक्त म्हणाली, "मला ते गृहस्थ भेटायलाच हवेत." म्हटलं, ते विश्रांती घेत आहेत. हे खोटं नव्हे. तू रोज दुपारी दोन ते पाच विश्रांती घेतोसच.

बाकी क्षेम. हे पत्र टपालाने पाठवत नाही. दारियो ट्रॅक्टरचा पट्टा आणायला तुझ्याकडे अंकोनाला येतो आहे, त्याच्याजवळ देते. त्याला दारात उभं ठेवू नकोस, कॉफी दे.

तुझी,
एर्सिलियाताई

ता. क. व्हिला तुझ्या नावावर घेतला आहे. पेन्शनच्या कागदांसाठी तू मला तुझ्या ईमेलचा पासवर्ड दिला होतास. माझा ईमेल नाही, आणि तू तुझा उघडत नाहीस. शनिवारी सकाळी दहाला जिनेव्रा घर ताब्यात घेणार आहे. नियमाप्रमाणे भाडेकरूने ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहायचं असतं. हे आमंत्रण नव्हे. ही कायदेशीर जबाबदारी आहे.

ता. क. दुसरा. सॉसचा डाग दिसू नये म्हणून सोफ्याची गादी आम्ही उलटी करून ठेवली आहे. जिनेव्रासमोर ती हलवू नकोस.

ता. क. तिसरा. बाटल्या सगळ्या वाचल्या. पण एकशेचाळीसांपैकी चाळीस बाटल्यांत पान नाही. नोरिनाने त्या वेगळ्या खोक्यात ठेवल्या आहेत, आणि वर काही लिहिलेलं नाही. विचारलं, तर म्हणाली, बेसिल संपलं. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. खिडकीतल्या बेसिलच्या कुंडीत अजून निदान दोनशे पानं आहेत.

चिमटा घरी ठेवून ये.