सराट्याचा घाव

मंगळवार, संध्याकाळ

उजव्या भुवईवर तीन टाके. बायकोला सांगितलं, गाडीवरून पडलो.

तांड्यावरच्या आमच्या शाळेचे बाक न्यायला आज ट्रक आला. पट कमी म्हणून शाळा बंद. पोरांनी आता वणी रोडपलीकडच्या शाळेत जायचं, आणि त्या रोडवर दिवसभर कोळशाचे ट्रक सुसाट पळतात. आमची खिचडी शिजवणारी जमनाबाई ट्रकसमोर आडवी झाली. तिची पूजा तिसरीत आहे. ड्रायव्हरनं तिला हात धरून फरफटत बाजूला केलं. मग काय, तांड्यावरच्या बायांनी दगड उचलले, काच फोडली, त्याला लोळवून तुडवलं. मी सोडवायला धावलो, तर जमनाबाईनं खिचडी ढवळायचा लोखंडी सराटा माझ्याच तोंडावर हाणला.

"मास्तर, वर्गात बावीस पोरं बसतेत, कागदावर बाराच काहून?"

मी खरं तेच सांगितलं. जादा कामांविरुद्ध आमच्या संघटनेनं ऑनलाइन माहिती भरण्यावर बहिष्कार टाकला होता. मीही नव्या पोरांची नावं भरली नाहीत. बहिष्कार उठला तेव्हा मुदत संपली होती. लढाई चूक होती का? नाही. पण सरकारला शाळा बंद करायला निमित्त हवं होतं, ते माझ्याच हातून मिळालं.

तिनं सराटा पुन्हा उचलला. मी हात आडवा केला नाही. हाणायला पाहिजे होतं तिनं.

"माह्या पूजाले रोज रोड पार करून देशीन का तू?"

दूर नेरच्या शाळेवर रुजू होण्याचा माझा आदेश खिशात होता.