हलिनाबाईंचा भोपळा

मॉरिसव्हिल,
१८ ऑक्टोबर २०२४

ती. सुलेखाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून पुन्हा कागद घेतला. प्रतापने मला वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलंय.

मार्चमध्ये नोकरी गेल्यापासून तो सोफ्यावर पडून असायचा, ते एकवेळ परवडलं. ल्विव्हच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीणबाई, हलिना, अमेरिकेतल्या ऑफिससाठी माणूस शोधताहेत. त्यांच्याशी बोलणी सुरू झाली आणि याने इंटरनेटवरून परदेशी व्यावसायिक पाहुण्यांसाठीची गमतीदार युक्रेनियन वाक्यं पाठ करायला घेतली. कोणी थापा मारल्या की ‘माझ्या कानांवर शेवया टांगू नका’ म्हणायचं म्हणे. परवा छप्पर दुरुस्तीवाल्याला म्हणाला. तो माणूस परत फिरकला नाही. ‘हो’ला ते ‘ताक’ म्हणतात. भात वाढू का विचारलं की हा ताक म्हणतो, मी ताक वाढते, मग हा चिडतो. पेला उंचावून ‘बुडमो’ म्हणायचं असतं. मी म्हटलं, बाबा रे, शुभ बोल, एक नोकरी बुडाली तेवढी पुरे. अनिका ‘ओ माय गॉड, डॅड’ म्हणून खोलीचं दार लावून घेते.

गेल्या शनिवारी हलिनाबाई जेवायला आल्या. साधी, मोकळी बाई. वरण दोनदा घेतलं. जेवताना म्हणाल्या, नोकरी पक्की समजा, फक्त पहिलं वर्ष प्रतापने रेडमंडला राहायला हवं. देशाच्या दुसऱ्या टोकाला! अनिकाचं शाळेचं शेवटचं वर्ष, आम्ही दोघी कशा हलणार? हे सगळं मनातल्या मनात. उठले, परसात गेले आणि आपोआप उगवलेल्या वेलाचा मोठा लाल भोपळा आणून त्यांच्या हातात दिला. पहिल्यांदा घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्या भोपळ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच ‘झ्रोझुमिलो’ म्हणाल्या. म्हणजे ‘समजलं’, असं प्रतापने माझ्या कानात सांगितलं आणि आपला अभ्यास दिसावा म्हणून मोठ्याने ‘ताक, ताक’ म्हणाला.

तेव्हापासून त्यांचा ईमेल नाही की फोन नाही. प्रताप पुन्हा सोफ्यावर. वरणात काही कमी पडलं का गं? तुझ्या लायब्ररीतल्या त्या युक्रेनियन मुलीला विचारशील?

लोभ आहेच, तो सगळा माझी चेष्टा करण्यात संपवू नकोस.

तुझी,
नीलू


ॲन आर्बर,
२४ ऑक्टोबर

चि. सौ. नीलांबरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी लायब्ररीतल्या ओलेनाला सांगितलं, तर ती पुस्तकांच्या ढकलगाडीवरच बसली. हसून हसून डोळे पुसत होती. अगं, त्यांच्याकडे मुलगा मागणी घालायला आला आणि घरच्यांना पसंत नसला की तोंडाने नाही म्हणत नसत, त्याच्या हातात भोपळा देत. आता चालीपेक्षा ते बोलण्यातच जास्त उरलंय, पण कळतं सगळ्यांना. तू त्या बाईंना खणखणीत नकार दिलास, आणि तुझ्या नवऱ्याने त्यावर दोनदा शिक्का मारला!

आजच्या आज त्यांना कळव.

आणि रागावू नकोस, पण ओलेनाने एक विचारलं. परक्या बाईने भोपळा दिला तर गंमत म्हणून सोडून देता येतं. मग हलिनाला तो नकार लगेच खरा का वाटला? लहानपणी तुला नाही म्हणायचं असलं की तू उठून पाणी प्यायला जायचीस, ते मला आठवलं.

आशीर्वाद आहेतच. थोडी अक्कलही पाठवली असती, पण पोस्टाला जड होईल.

तुझी,
ताई


मॉरिसव्हिल,
३१ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून प्रतापने विचारलं, मुद्दाम केलंस का? मी अशी भडकले! सासरच्या रीतींनी आधीच जीव मेटाकुटीला येतो, ल्विव्हच्या मला कुठून कळणार? मी तीच कढई पुन्हा पुन्हा घासत राहिले.

मग सांगून टाकलं. त्या दिवशी मी भोपळा आणायला गेलेच नव्हते. रडायला गेले होते, भोपळा हाताला लागला.

मग तेव्हाच ‘नाही’ का म्हणाली नाहीस, असं तो म्हणाला. कसं म्हणणार, ताई? शेवया आणि बुडमो सुरू झाल्यापासून तो आंघोळ करताना गुणगुणायला लागला होता. त्या वाक्यांनी माझा जीव नको केला होता, आणि तो गेल्यावर घर किती गप्प होईल याचीच मला धास्ती वाटत होती.

मग आम्ही दोघांनी मिळून हलिनाबाईंना खरं ते लिहिलं, भोपळ्याची चूकही आणि माझं रडणंही. काल त्यांचा मेसेज आला, थेट माझ्या फोनवर. तुमचा भोपळा मी लापशीत शिजवून खाल्ला, त्यामुळे नकार आता माझ्या पोटात आहे, असं त्यांनी लिहिलंय. पुढे म्हणतात, माझ्या कंपनीतलेही निम्मे लोक घरापासून लांब राहतात, तेव्हा महिन्यातला एक आठवडा प्रतापने तुमच्या घरून काम करावं. उत्तर मात्र तुम्हीच द्या, त्याचं युक्रेनियन फार भयंकर आहे.

प्रताप माझ्या मागे उभा होता. मी दोनदा लिहून खोडलं. मग एकच शब्द पाठवला: ताक.

वेलावर अजून एक भोपळा आहे. थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा तो तुझा. लोभ असू दे, घारगे कर आणि त्यातून दुसरा काही अर्थ काढू नकोस.

तुझी,
नीलू