घरी जायचंय

३ सप्टेंबर
आज रुजू झाले! ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारचं टेबल मिळालं. काम अगदी माझ्या आवडीचं. वाचक आपल्या वेबसाइटवर पुस्तक शोधताना काय टाइप करतात, कशावर क्लिक करतात, कुठे वैतागून निघून जातात, ते बघायचं आणि शोध सोपा करायचा. ग्रंथपालबाई म्हणाल्या, आमचे वाचक पुस्तकाचं नाव सोडून बाकी सगळं लिहितात. खरंच की! एकाने लिहिलंय, 'ते निळं, जाड'. घरी आल्यावर आईला सांगितलं, तर तिची हसून पुरेवाट झाली.

६ सप्टेंबर
ज्यांना 'काहीही सापडलं नाही' असं उत्तर मिळालं, ते शोध वेगळे काढले. बहुतेक शुद्धलेखनाचे घोळ. एक मात्र सारखा येतोय: 'घरी जायचंय'. तळमजल्यावरच्या वाचनकक्षातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून. कुणाला तरी अभ्यासाचा भलताच कंटाळा आलेला दिसतो.

९ सप्टेंबर
कुणी हात हलवत परत जाऊ नये म्हणून एक नवं पान केलं. शोध फसला की ते उघडतं: 'सापडलं नाही? काळजी नको. तिसऱ्या मजल्यावर या, मी स्वतः घेऊन जाईन.' (पुस्तकापर्यंत, अर्थात!) बाई खूश.
दुपारी कोपऱ्यातून पुन्हा 'घरी जायचंय'. या वेळी माझं पान उघडलं आणि कितीतरी वेळ उघडंच राहिलं. कोण आहे ते बघायला खाली धावले. खुर्ची रिकामी. स्क्रीनवर माझं पान. आणि वरच्या चौकटीत एकेक अक्षर उमटत होतं: 'नक्की?'

१० सप्टेंबर
बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. त्या खुर्चीत एक काका रोज बंद होईपर्यंत बसायचे म्हणे. बाई रोज म्हणायच्या, काका, घरी जा आता. ते म्हणायचे, हो, हे काय, निघालोच. एका दुपारी बसल्या जागीच गेले. न्यायला कुणी आलं नाही. तेव्हा कळलं, त्यांना घर नव्हतंच.
बाई म्हणाल्या, ते पान आधी काढ. काढलं.

११ सप्टेंबर
पान काढलंय, तरी ते त्यांना दिसतंय. आज शोध दुसऱ्या मजल्यावरून आला. जिन्याजवळून. 'तिसरा मजला'. मग लगेच — 'ताई कुठे बसतात'.

१२ सप्टेंबर
जेवून आले तर माझी खुर्ची कोमट. माझ्याच कॉम्प्युटरवर — 'कधी निघायचं?'
बाईंना सांगितलं, मला नाही जमणार ही नोकरी. पर्स घेतली, निघाले. बाई फाटकापर्यंत आल्या. बोलत माझ्याशी होत्या, बघत माझ्या मागे —

संध्याकाळ
घरी. माझ्या खोलीत. फोनवर आकडे बघितले. त्यांचे शोध थांबलेत. एकही नाही. हुश्श केलं. आणि मग सुचलं — सापडल्यावर कोण शोधत बसतं?

आई बाहेर कुणाशी तरी बोलतेय. दारात का उभे, आत या ना, म्हणते. फार दमलेले दिसता, म्हणते. खुर्ची सरकल्याचा आवाज. मी ओरडले, आई, तिथे कुणी नाहीये. ती हसली. म्हणाली, असं काय करतेस, तुझ्याबरोबरच तर आले.

दार उघडत नाहीये —

ती त्यांना सांगतेय — संकोच करू नका — हे आपलंच घर —

आई, तसं म्हणू न