पिवळा झगा कुणाचा?

५ ऑक्टोबर १९९८, सोमवार

मला पिवळा झगा कधी नव्हताच! आज ग्लेंडाला सांगून टाकलं. ती गाण्यांच्या संग्रहालयात असते. माझ्या नवऱ्याने, डेल्मरने, लिहिलेल्या गाण्याचा शनिवारी, सतराला, सोहळा आहे, आणि गाण्यात पिवळ्या झग्यात नाचणारी मुलगी म्हणून मला स्टेजवर उभं करणार. सदतीस वर्षं सगळं नॅशव्हिल मला तीच समजतं. मीसुद्धा. त्या नाचात माझा झगा निळ्या फुलांचा होता. डेल्मर म्हणायचा, निळा रंग चालीत बसत नाही. बसत नसेल.

६ ऑक्टोबर

ग्लेंडाने सगळ्या रेकॉर्डी ऐकवल्या. अकरा! पहिली एकसष्टच्या शरदातली, उंच हॅटवाल्याची – तीच खरी. मग अडुसष्टमध्ये एका बाईने म्हटलं, झग्याच्या जागी पिवळा शर्ट आणि मुलीच्या जागी मुलगा. मग कुणीतरी चाळीस व्हायोलिनं घातली, गाणं पार गुदमरलं. चर्चच्या चौघांनी तर झगाच काढून येशूला आणलं. हल्ली एक मुलगी म्हणते, इतकं संथ की मध्ये बिस्किटं भाजून व्हावीत.

सगळ्यांत नाच आहे. सगळ्यांत मीच आहे.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

ग्लेंडाचा फोन. कच्ची टेप सापडली. गाणं विकायला नेण्याआधी डेल्मर गिटारवर स्वतः म्हणून ठेवायचा, ती. बाई जरा अडखळत बोलत होती.

"मिस व्हर्लीन, यात नाच नाहीये. झगाही नाही. एक माणूस बसस्थानकावर एका बाईची वाट बघतोय."

कोणत्या बाईची?

कंपनीवाल्यांनी शब्द बदलायला लावले असणार, म्हणाली. ते तर नेहमीचंच. पण आधी काय होतं? टेपवर तारीख एप्रिल एकसष्ट. त्या वसंतात मी सहा आठवडे चॅटनूगाला होते, मावशीच्या आजारपणात. म्हणजे मी तिकडे, आणि हा इकडे कुणासाठी ताटकळत होता?

१० ऑक्टोबर

ग्लेंडा टेप देऊन गेली. पावाच्या डब्यात ठेवली आहे. ऐकणार नाही.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

राहवेना. हॉयटला भेटायला वृद्धाश्रमात गेले. डेल्मरबरोबर तीस वर्षं गिटार वाजवली त्याने, त्याला माहीत नसेल तर कुणाला? घरी भाजलेला गोड पेकन-पाय नेला. त्याने अर्धा खाल्ला. शेवटी विचारलंच, डेल्मरची कोण होती ती?

"दर मंगळवारी जायचा स्थानकावर. गॅरेजचं काम टाकून. त्याच्या मागे तू आता पोलिसासारखी चौकशी करतेस होय?"

कोण ते सांगेना. त्याच्या नजरेत कीव होती. की राग? मला काही कळेनासं झालंय. नऊ वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाचा मत्सर वाटतोय, या वयात! आणि मला कसला हक्क आहे? पण वाटतोय.

१४ ऑक्टोबर

ग्लेंडाला कळवलं, मी येणार नाही. दुसऱ्या बाईच्या गाण्यात मी का उभी राहू?

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

मक्याचा पाव ठेवायला डबा उघडला. टेप तिथेच. लावली.

त्याचा आवाज! खोकून सुरुवात केली, नेहमीसारखी. पहिलं कडवं – मंगळवारची बस, ती उतरत नाही. दुसरं – पुन्हा मंगळवार, ती उतरत नाही. तिसऱ्यात ती उतरते. अंगावरचा नवा हिरवा कोट काढते, बाकावर टाकते आणि तशीच थंडीत घराकडे चालू लागते. तो खांबामागून बघतो. हाक मारत नाही. तिला आधी घरी पोचू देतो.

इथे टेप बंद केली.

१७ ऑक्टोबर, शनिवार

कोट माझा होता. रेमंडने घेऊन दिलेला. चॅटनूगाला सहा आठवडे मी त्याच्याकडे होते. मावशी आजारी नव्हती. या वहीतसुद्धा मी मावशीच लिहिली.

डेल्मर त्या दिवशी माझ्यामागून तासाभराने घरी आला. टोपी खुंटीला लावली. म्हणाला, "मावशी कशी आहे?"

मी म्हटलं, बरी आहे.