विमानाचा पंचनामा

१२ फेब्रुवारी २००६

मी, मुखरू सोनबा निमगडे, वय वर्षे बहात्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, माजी पोलीस पाटील, राहणार तालुका गोंडपिपरी, पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो की, आज वरोऱ्याचे गुणवंतराव आपला मुलगा विक्की यासह आमची नात नंदिनी हिला पाहण्यास आले. मुलाचे सायबर कॅफे आहे. स्थळ पसंत. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढील रविवारी.

नंदिनी संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. म्हणाली, "आबा, मले अजून दोन वर्सं शिकवू द्या न." मी म्हणालो, शिकवावे — सासरी! विषय संपला. घरातील निर्णय माझे असतात.

१४ फेब्रुवारी

विक्की एकटाच आला. बगलेत रंगीत चित्र — रशियाचे अवाढव्य विमान! पंखांवर युद्धनौकेच्या तोफा!

"आजोबा, ह्याच्यात रेल्वेचा डबा मावे. रशियानं फोटो लपवून ठेवले होते."

"लपवले, तर आपल्या दुकानात कसे पोहोचले?"

"नेटवर सगळं सापडते न."

"एवढ्या तोफा एकदम उडाल्यास विमान पुढे जाईल की मागे?"

"ते रशियाले माहीत!"

— होऊ घातलेल्या नातजावयाचे हे उत्तर!

१५ फेब्रुवारी

नदीतील बेवारस प्रेताचाही पंचनामा मी पंचांवाचून केलेला नाही. चित्र पाटावर ठेवले. भिंग घेतले. पंच म्हणून शेजारचे वाजिदभाई वेल्डर यांस बोलाविले. ते म्हणाले, "पाटील, यवढ्या लोखंडाले उडवाले इंजिनं नाई, सात गावची भुतं लागतीन!"

आढळले ते असे : विमानाची सावली उजवीकडे, तोफांची डावीकडे. रशियात दोन सूर्य उगवतात, हे मला शिकविलेले नव्हते. कदाचित पाचवीत असावे.

१६ फेब्रुवारी

नंदिनी सांगते, सात इंजिनांचे असे विमान खरेच होते. १९३३ साली उडाले, त्याच वर्षी शेपूट मोडून कोसळले, माणसे मेली. तोफा मागाहून कोणी संगणकावर चिकटविल्या. म्हणजे मेलेल्यांच्या विमानावर जत्रेचा पाळणा! संताप आला.

१९ फेब्रुवारी

साक्षगंधाच्या मांडवात पंचनामा मोठ्याने वाचला.

गुणवंतराव उसळले, "एका फोटोपायी सोयरीक मोडता, पाटील?"

"फोटोपायी नव्हे. 'ते रशियाले माहीत' यापायी."

विक्की रडवेला. "पण आजोबा, मले त हा फोटो —" मी हात वर केला. आरोपीस मध्येच बोलता येत नाही!

पाहुणे उपाशी निघून गेले. मटण उरले. नंदिनीने दोनदा वाढून घेतले. पोरीचे मन घट्ट आहे. माझ्यावर गेली.

२० फेब्रुवारी

चहाच्या वेळी नंदिनीने आपणहून जबाब दिला, "आबा, तो फोटो विक्कीले मीच देल्ला. म्हटलं, आबाले असं लय आवडते, खरं म्हणून दाखवा."

"काऊन?" — माझ्या तोंडून असेच निघाले.

"तुम्ही माझं ऐकत नाई. पंचनाम्याचं ऐकता."

त्या समयी हजर : शकुबाई (माझी पत्नी) व वाजिदभाई (पंच). दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.