नावं संपेपर्यंत उठायचं नाही

चि. सौ. मेव्हिस हिला डुलुथहून थोरल्या भावाचे भरपूर आशीर्वाद. गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. तुझं ब्लडप्रेशर आणि डेल्बर्टरावांचा स्वभाव दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. थँक्सगिव्हिंगला जेवायला येणार की नाही, हे तू पुन्हा विचारलंस. तुझी आयरीनवहिनी गेल्यापासून मी माणसांत येत नाही, असाच आंबत राहिलो तर बरणीत भरून ठेवावं लागेल, असंही लिहिलंस. (लोणचं टिकतं तरी.) उत्तर देतो, पण आधी माझी फजिती ऐक.

मागच्या आठवड्यात घरातला हीटर बंद पडला. तळ्यावरचा वारा तुला माहीतच आहे. म्हटलं, थिएटरात जाऊन झोपावं. तिथे ऊब असते आणि म्हाताऱ्यांना तिकीट स्वस्त. सिनेमा लागला होता 'कॅप्टन वीतभर'. तू हे नाव ऐकलं नसशील, कुणीच ऐकलेलं नाही. बाकीचे वीर पृथ्वी वाचवतात. हा गडी पडणारी वस्तू जमिनीपासून वीतभर वर थांबवतो, तीही फ्रिजपेक्षा लहान असली तरच. उडता येत नाही, बसने जातो. ऐन मारामारीत आईचा फोन येतो आणि हा तो उचलतो! शेवटी अख्खी इमारत कोसळते, (रिकामी होती, काळजी नको) तिथे याचं काही चालत नाही, पण एका आजीबाईंचा चहाचा कप तेवढा अलगद थांबवतो आणि नेऊन देतो. निव्वळ पोरखेळ. मला झोप लागली नाही ती खुर्ची टोचत होती म्हणून. पण खरं सांगू? पृथ्वी वाचवणारे माझ्या कधी उपयोगी पडले नाहीत. कप वाचवणारा मला आवडला.

पडद्यावर नावं सुरू झाली तसा मी उठलो, तर मागचे सगळे खेकसले, खाली बसा म्हणून. नावं संपल्यावर आणखी एक तुकडा दाखवायची आता रीत आहे म्हणे, आणि त्यासाठी मंडळी चर्चमध्ये बसावं तशी गुमान बसतात. या गडबडीत माझ्या हातून पॉपकॉर्नची बादली सुटली. शेजारच्या बाईंनी ती वरच्यावर धरली, जमिनीपासून वीतभर! बघतो तर आपल्या चर्चमधल्या ग्रेटा हॅल्व्हरसन, त्यांचे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली.

"बसा हो ऑरिन," त्या म्हणाल्या. "खरी गंमत पुढेच असते. लोक उगाच आधी उठून जातात."

त्या तुकड्यात काय होतं, मला आठवत नाही. आयरीनची आठवण येत होती, आणि तरी बरं वाटत होतं.

असो. गुडघे, रस्त्यावरचा बर्फ आणि डेल्बर्टरावांची राजकारणावरची मतं पाहता, यंदाही येणं कठीण दिसतं.

तुझा दादा,
ऑरिन

ता. क. हीटर दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. सिनेमा त्यानंतर दोनदा पाहिला. खुर्ची अजून टोचते.

आणखी एक ता. क. डेल्बर्टराव सही दिसताच उठून गेले असतील, तू मात्र इथवर वाचलंस ना? मग टेबलाशी दोन खुर्च्या जास्त मांड. ग्रेटा लाल भोपळ्याचा केक करून आणणार आहेत. वाटभर तो त्या स्वतःच मांडीवर धरून बसणार, माझ्या हातांवर त्यांचा भरवसा नाही.